मणिचक्राच्या पोटातला कागद

मॅक्लिऑडगंज, लेह किंवा काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाभोवतीच्या दुकानांतून पितळेचं हातातलं मणिचक्र (मुठीवर फिरणारं, आत मंत्राचा कागद असलेलं तिबेटी प्रार्थनाचक्र) घ्या, वरची कमळकळी काढा आणि झाकण उचला. बऱ्याचदा आत पुसट छपाईची एक सैल गुंडाळी निघते. कधी चारदोन ओळींचा मंत्र आणि उरलेला कोरा कागद असतो, तर काही डबे चक्क रिकामे असतात. शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवायची असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण रोज हातात धरून फिरवायचं असेल, तर तिबेटी परंपरेच्या हिशेबाने तुमच्याकडे अजून चक्र आलेलंच नाही, नुसता डबा आला आहे. चक्र म्हणजे आतला कागद. डबा चांदीचा असो की डालड्याच्या पत्र्याचा, त्याने फार फरक पडत नाही. म्हणून इथे जे सांगतो आहोत ते मुख्यतः भरणीबद्दल आहे: कागद कसा छापायचा, कसा गुंडाळायचा, कुठे चुकतं आणि का चुकतं.

तिबेटी लोक याला मणि खोरलो म्हणतात आणि हातातल्याला लाक्खोर. आत बहुतेक वेळा चेनरेझीचा षडक्षरी मंत्र असतो: ॐ मणि पद्मे हूँ. तिबेटी उच्चारात तो ‘ओम मणि पेमे हुंग’ असा होतो. चेनरेझी म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणि तोच, आणि कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात संकटात सापडलेल्यांना सोडवताना कोरलाय तोही तोच. हा मंत्र कारंडव्यूह सूत्र या महायान ग्रंथात येतो. चक्राची परंपरा मात्र बौद्ध आचार्य नागार्जुनाला नागांकडून मिळाली असं तिबेटी मानतात. तारा, भैषज्यगुरू किंवा वज्रसत्त्व या इतर पूज्य रूपांचे मंत्र भरलेली चक्रंही असतात. मंत्र कोणताही असो, भरण्याची रीत तीच.

हिशेब साधा आहे. आत जितके मंत्र लिहिलेले, तितके एका फेऱ्यात म्हटल्यासारखे. म्हणून जास्तीत जास्त मंत्र मावावेत यासाठी कागद पातळ, अक्षर बारीक आणि गुंडाळी घट्ट हवी. दुसरी अट दिशेची. वरून पाहिलं तर चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, प्रदक्षिणेसारखंच, आणि फिरताना अक्षरं वाचनाच्या क्रमाने समोरून गेली पाहिजेत. आतला कागद कुणीही वाचणार नाही हे माहीत असूनही तो वाचता येईल अशाच क्रमाने ठेवायचा, ही अट पाळण्यातच निम्मं काम जातं. बोन या तिबेटातल्या वेगळ्या धर्मपरंपरेचे लोक चक्र उलट दिशेने फिरवतात आणि त्यांचा मंत्रही वेगळा. हिमाचलात सोलनजवळच्या दोलांजीला त्यांचा मेनरी मठ आहे. तिथे कुणाला उलट फिरवताना पाहिलंत तर सुधारायला जाऊ नका, त्यांच्या रीतीने तेच बरोबर आहे.

दिशेबद्दल सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो, कारण चक्र डोक्याच्या वर धरून खालून पाहिलं की दिशा उलटी दिसते. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: चक्राची तुमच्याकडची बाजू तुमच्या उजवीकडून डावीकडे सरकली पाहिजे.

आता मापं. बाजारात मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या चक्राचा डबा आतून साधारण ५० मिमी व्यासाचा आणि ५६ मिमी उंचीचा असतो असं धरू. (विकत घेतलेल्या डब्याचं माप स्वतः घ्या. बाहेरून मोजून पत्र्याची जाडी वजा करण्यापेक्षा आतच पट्टी घाला, कारण तळाशी डाखाची कड आत आलेली असते.) कागदाची पट्टी डब्याच्या आतल्या उंचीपेक्षा ४ मिमी कमी, म्हणजे ५२ मिमी रुंद घ्यायची. हे माप सोयीचं पडतं: ए-४ कागद आडवा धरला की २१० मिमीत बरोबर चार पट्ट्या बसतात आणि फक्त २ मिमी वाया जातात. गुंडाळीचा व्यास ४६ मिमीपर्यंत न्यायचा, मधली नळी ८ मिमीची. ०.०७ मिमी जाडीच्या पातळ कागदाचे गणिताने २३ मीटर बसतात. हाताने गुंडाळताना पदरांमध्ये हवा राहतेच, त्यामुळे प्रत्यक्षात २० मीटरच्या आसपास धरा. तेच नेहमीचा ८० ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद घेतला तर तो ०.१ मिमी जाड असतो आणि मोठ्या मुश्किलीने १४ मीटर मावतो. म्हणजे केवळ कागद बदलल्याने जवळजवळ तिसरा हिस्सा मंत्र कमी होतात. ५० ते ६० ग्रॅमचा कागद स्टेशनरीच्या घाऊक दुकानात मिळतो, छपाईवाल्यांकडे तर हमखास.

एका ओळीत मंत्राला १९ मिमी जागा दिली तर २८५ मिमीत १५ मंत्र बसतात. ओळींमध्ये ३.५ मिमी अंतर ठेवलं तर एका पट्टीत १४ ओळी, म्हणजे २१० मंत्र. वीस मीटरला ७० पट्ट्या लागतात, म्हणजे १८ कागद. सगळे मिळून १४,७०० मंत्र. अंतर यापेक्षा कमी करायचा मोह होतो, पण तिबेटी लिपीत अक्षरं एकाखाली एक रचली जातात. हूँ हे अक्षर वर चंद्रबिंदू आणि खाली दोन मात्रा घेऊन उभं असतं, पद्मेमध्ये द खाली म घेऊन बसतो. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीच्या हूँचं शेपूट खालच्या ओळीच्या चंद्रबिंदूत घुसतं आणि छपाई गिचमिड होते. तुटलेलं किंवा चिकटलेलं अक्षर भरणीत चालत नाही. त्यापेक्षा चार ओळी कमी पडलेल्या बऱ्या.

संगणकावर पान तयार करताना आणखी एक घोळ होतो. ज्या संगणकावर तिबेटी फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की रचलेली अक्षरं सुटी होतात आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतात. झेरॉक्सवाल्याला तिबेटी येत नाही, त्याला ते बरोबरच वाटतं. फाइल नेहमी फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफच्या रूपात न्यायची, आणि पहिला कागद भिंगाखाली तपासल्याशिवाय पुढची छपाई सुरू करू द्यायची नाही. मंत्र देवनागरीत छापला तरी चालतो का, हे महाराष्ट्रातले लोक हमखास विचारतात. मंत्र संस्कृतच आहे, त्यामुळे चालतो. चक्राच्या बाहेरच्या पत्र्यावरची अक्षरंही कित्येकदा तिबेटी नसतातच, ती नेपाळातली रंजना लिपी असते.

छपाई लेझर प्रिंटरवरच करायची. इंकजेटची शाई पुढे केशरपाणी लागलं की पसरते.

छापलेला कागद जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, त्यावर चष्मा, मोबाइल, चहाचा कप काही टेकवायचं नाही. मठात हे काम करताना तोंडाला फडकं बांधतात, श्वास आणि थुंकी मंत्रावर पडू नये म्हणून. त्या दिवशी मांस, कांदा-लसूण, दारू टाळतात. कापताना उरलेल्या कडांवर अक्षर आलं असेल तर ते कपटे कचऱ्यात जात नाहीत, वेगळे साठवतात.

पट्ट्या कापण्याआधी केशर. कोमट पाण्याच्या अर्ध्या कपात आठ-दहा काड्या भिजवायच्या, पाणी गाळून फवाऱ्याने कागदावर हलकं मारायचं. कागद पिवळसर झाला पाहिजे, ओला नाही. केशराच्या जागी हळद वापरतात, तीही चालते आणि कसर लागायला थोडी अडवते. फक्त हळदीचं पाणी फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर कणांमुळे कागद खरखरीत राहतो आणि पदर एकमेकांवर नीट बसत नाहीत. पाणी जास्त झालं की कागद वाळताना लाटा धरतो. अशा कागदाची गुंडाळी कितीही ताणा, फुगलेलीच राहते. २० मीटरची जागा १५ मीटरमध्ये भरते. आकुंचन सगळीकडे सारखं होत नाही, म्हणून कापायचं ते वाळल्यावरच. लडाखच्या कोरड्या हवेत कागद सावलीत तासाभरात वाळतो. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत हे काम जून ते सप्टेंबर करूच नये. ओल कोंडलेली गुंडाळी पितळेच्या डब्यात बंद केली की आतून बुरशी धरते आणि पत्र्याला हिरवा जंग येतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथला एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा भरणीला उत्तम, फक्त कागद थेट उन्हात टाकू नये, कडा वळतात.

पट्ट्या धारदार कटरने, पोलादी पट्टी लावून कापायच्या. कात्रीने सरळ येत नाही. डावीकडचा समास मंत्राच्या पहिल्या अक्षराला लागून कापायचा आणि उजवीकडे ५ ते ६ मिमी कोरी जागा ठेवायची. पुढची पट्टी त्या कोऱ्या जागेवर चिकटते. जोडावर मंत्र तुटता कामा नये, म्हणजे हूँ संपला की लगेच पुढचा ॐ आला पाहिजे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ सगळ्यात चांगली. बुकबाइंडर लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालतात तशी घातली की झुरळं आणि कसर कागदाकडे फिरकत नाही. मोरचूद विषारी असतो, भांडं वेगळं ठेवा, हात धुवा. सेलोटेप नको. दोन उन्हाळ्यांत त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारचे चार पदर एकमेकांना कायमचे चिकटतात. स्टेपलरच्या पिनेचा तर विचारही नको: गंजते, आणि जिथे पिना एकावर एक येतात तिथे गुंडाळीला टेंगूळ येतं.

सत्तर पट्ट्या म्हणजे एकोणसत्तर जोड. प्रत्येक जोड पोलादी पट्टीला टेकवून सरळ रेषेत केला नाही तर पुढे सगळं बिघडतं. एक जोड अर्ध्या मिलिमीटरने तिरका गेला तरी पुढची पट्टी हळूहळू वर किंवा खाली सरकत जाते, आणि गुंडाळी संपेपर्यंत तिचा एक काठ शंकूसारखा बाहेर येतो. मग झाकण बसत नाही. लोक अशा वेळी बाहेर आलेला काठ पॉलिशपेपरने घासून सपाट करतात. असं करू नका, घासली जातात ती अक्षरंच.

मधली नळी आता. परंपरेत हिला सोकशिंग म्हणतात, प्राणवृक्ष. स्तूपात आणि मूर्तीतही तो असतो. लाकडाची असेल तर झाड जसं उभं होतं तशीच ठेवायची, बुंध्याचं टोक खाली आणि शेंड्याचं वर. चंदन किंवा देवदार असेल तर उत्तम. हातातल्या चक्रात मात्र मधून लोखंडी सळई जाते, म्हणून बांबूची किंवा तांब्याची पोकळ नळी वापरतात. तिला लाल रंग देऊन वरच्या भागात ॐ, मध्ये आः आणि खाली हूँ लिहायचं. सळई नळीत मोकळी फिरली पाहिजे. बांबू आतून गुळगुळीत नसेल तर पॉलिशपेपरची पुंगळी करून घासून घ्या. एक गोष्ट इथेच करायची, कारण नंतर आठवत नाही: नळीच्या वरच्या टोकाला पेन्सिलने बाण काढायचा. गुंडाळी पूर्ण झाली आणि कापडात बांधली की वर-खाली ओळखता येत नाही. मंत्र उलटा बसलेली चक्रं दुरुस्तीला येतात त्यांत हेच कारण सर्वांत जास्त दिसतं.

गुंडाळण्याची रीत. नळी उभी धरा, अक्षरं तुमच्याकडे आणि सरळ, म्हणजे डोकं वर. पट्टीचं सुरुवातीचं, डावीकडचं टोक नळीला खळीने चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टी उजव्या हाताकडून येते आणि नळी घड्याळाच्या दिशेने फिरते, जशी ती पुढे कायम फिरणार आहे तशीच. असं केलं की अक्षरं बाहेरच्या बाजूला येतात, क्रम बरोबर राहतो आणि शेवटी कागदाचं बाहेरचं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे राहतं, त्यामुळे ते उचकटत नाही. टेबलावर आडवी गुंडाळायची असेल तर पट्टी अक्षरं खाली करून पसरायची आणि नळी तिच्या कोऱ्या पाठीवर लाटण्यासारखी लोटत न्यायची. टेबलावर आधी स्वच्छ पिवळं कापड घाला, अक्षरं उघड्या लाकडावर घासू नयेत.

ताण एकसारखा हवा. सुरुवातीला सैल आणि बाहेर येता येता घट्ट, असं झालं की आतले पदर चिरडून त्यांना चुण्या पडतात. कडेने पाहिलं तर चांदणीसारखी आकृती दिसते. त्या चुण्या नंतर जात नाहीत, तिथपर्यंत उलगडावंच लागतं. सगळीच गुंडाळी सुरळीच्या वडीसारखी सैल राहिली तर कागद निम्माच मावतो. म्हणून पहिले दोन मीटर सर्वांत जास्त ताणून घ्यायचे आणि पुढे तोच ताण किंचित कमी करत न्यायचा. दर मीटर-दीड मीटरला थांबून गुंडाळीचा खालचा काठ सपाट लाकडावर हलकेच ठोकून घ्या. दोघांनी केलं तर काम सोपं होतं: एकाने पट्टी ताणून धरायची, दुसऱ्याने नळी फिरवायची. मंत्र पुटपुटत केलं की हाताला लय येते, आणि मठात तसंच करतात. एका मध्यम चक्राच्या गुंडाळीला, जोड आधी तयार असले तर, तासभर पुरतो.

शेवटचं टोक खळीने चिकटवायचं. वरून पिवळ्या रेशमी किंवा सुती कापडाचा एकच वेढा, आणि पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा अशा पाच रंगांचा दोरा. कापडाचे दोन-तीन वेढे दिले की बाहेरचा व्यास वाढतो आणि ठोकून बसवावं लागतं. नळीवरचा बाण दिसतोय ना, हे आत्ताच पाहा.

डब्यात गुंडाळीच्या खाली पृथ्वीचक्र आणि वर आकाशचक्र येतं. या गोल कागदावर छापलेल्या आकृत्या असतात, मधोमध सळईसाठी भोक. खालची आकृती तोंड वर करून, वरची तोंड खाली करून, म्हणजे दोन्ही मंत्रांकडे पाहतात. त्या विकत मिळतात, बहुतेक वेळा पान भरून एकत्र छापलेल्या. कापताना खालची कोणती आणि वरची कोणती यावर लगेच खूण करा.

गुंडाळी डब्यात गेल्यावर चारी बाजूंनी एक-दोन मिमी फट राहते. ती तशीच सोडली तर चक्र फिरतं आणि आतला कागद जागच्या जागी राहतो, किंवा मागून रखडत येतो. हा दोष बाहेरून कळत नाही. तपासायचं असं: झाकण न लावता डबा झटक्याने फिरवून एकदम थांबवा आणि नळीवरच्या बाणाकडे पाहा. डबा थांबल्यावरही बाण पुढे सरकला तर गुंडाळी सुटी आहे. फट धूपाच्या चुऱ्याने भरतात, देवदार किंवा चंदनाचा, तिबेटी लोक जुनिपरचा वापरतात. चुरा कोरडा आणि बारीक हवा आणि सगळीकडे सारखा दाबायचा, नाहीतर एक बाजू जड होऊन चक्र डगमगतं. पोकळ नळी तळाच्या पत्र्याला डाख लावून पक्की करून घेतली तर सगळ्यात उत्तम. ते काम मात्र कागद आत जाण्याआधीचं, आणि तांबटाकडून करून घ्यायचं.

झाकण कायमचं बसवण्याआधी रब्ने, म्हणजे प्राणप्रतिष्ठा. ती लामाने करायची असते. तांदळाचे दाणे टाकत मंत्र आणि ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा म्हणतात. जवळ मठ नसेल तर भरलेलं चक्र तसंच स्वच्छ जागी ठेवा आणि पुढे कधी जाल तेव्हा करून घ्या. घाईने अर्धवट विधी करण्यापेक्षा हे बरं.

आता बाहेरचे भाग. मूठ आणि डबा यांच्या मध्ये, जिथे डब्याचा सगळा भार येतो, तिथे चकती लागते. जुन्या चक्रांत ती शंखाची कापलेली असते. शंख गुळगुळीत, टणक, आणि झिजला तरी खरखर करत नाही. हल्ली पितळेचा वॉशर असतो. प्लास्टिकचा घालू नका, उन्हात मऊ पडून सळईला चिकटतो. दोन पातळ वॉशर एकावर एक घातले तर चक्र एकापेक्षा हलकं फिरतं. तेलाचा एकच थेंब, तोही वॉशरवर; सळईवर ओतलं तर नळीतून झिरपत कागदापर्यंत जातं आणि तेलाचा डाग पदरामागून पदर पसरतो.

साखळी आणि तिच्या टोकाचं वजन डब्याच्या बाजूला असलेल्या कडीत अडकवलेलं असतं. फिरायला लागलं की ते बाहेर ताणलं जातं आणि चक्राची गती टिकवतं. लांबी अशी हवी की चक्र थांबलेलं असताना वजन खाली लोंबलं तरी मुठीवरच्या बोटांना लागू नये. लांब साखळी मुठीभोवती गुंडाळली जाते, आणि गर्दीत शेजारच्याच्या चेहऱ्यावर बसते. वजन फार हलकं असलं तर दर फेऱ्याला मनगटाने ढकलावं लागतं. फार जड असलं तर डबा सळईवर एका बाजूला कलतो, वॉशर तिरका झिजतो आणि काही दिवसांत करकर सुरू होते. करकरणाऱ्या चक्राला लोक तेल पाजत राहतात. आधी वजन पाहा.

फिरवताना मूठ उजव्या हातात उभी, मनगटाचं छोटं वर्तुळ, सावकाश. जपमाळ असलीच तर डाव्या हातात. दिवसभर फिरवणारी वयस्क माणसं लडाखमध्ये किंवा बोधगयेला पाहा: हात जवळजवळ हललेला दिसत नाही. जोरात फिरवणं हे नवख्याचं लक्षण आहे. सुरुवातीला सगळ्या प्राण्यांच्या भल्यासाठी फिरवतो आहे हे मनात आणायचं, फिरवताना मंत्र म्हणायचा, शेवटी पुण्य सगळ्यांना वाटून टाकायचं. परंपरा यापुढे जाऊन चक्रातून निघणारा प्रकाश सहा लोकांतल्या, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा गतींतल्या, जीवांपर्यंत पोचतो असं ध्यान सांगते. मोबाइलवर बोलत फिरवलं तर चालतं का? तिबेटी आज्या बाजारात भाजीचा भाव करत फिरवतात, आणि त्यांना कुणी अडवत नाही. पण मन मंत्रावर असलं तर फळ जास्त, यावर लामांचं एकमत आहे.

महाराष्ट्रातले बहुसंख्य बौद्ध बाबासाहेबांच्या मार्गाने चालतात. आपल्या विहारांत त्रिशरण-पंचशील असतं, मणिचक्र नसतं, आणि हे कर्मकांडच नाही का, असा प्रश्न तिथे विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. वज्रयान, म्हणजे तिबेटी बौद्धांचा पंथ, चक्र फिरवण्याकडे चित्त एकाग्र करण्याचं आणि करुणेची आठवण ठेवण्याचं साधन म्हणून पाहतं, पुण्याचा हिशेब त्यानंतर. पटावंच अशी सक्ती कुणी करत नाही.

स्तूपाभोवतीच्या किंवा मठाच्या भिंतीतल्या चक्रांच्या रांगेत नियम सोपा आहे: चक्रं उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि उजव्या हाताने पुढे ढकलायचं, दिशा आपोआप बरोबर येते. खाली लाकडी मुठी असतात, त्या धरायच्या. पत्र्यावरची अक्षरं हाताने घासून झिजतात. पुढच्या माणसाने फिरवलेलं चक्र थांबवून पुन्हा फिरवायचं नाही, आहे त्या गतीला हात द्यायचा. चीनच्या गान्सू प्रांतातल्या लाब्रांग मठाभोवती अशी रांग सुमारे ३ किलोमीटर लांब आहे.

मोठ्या चक्रात खरा शत्रू वजन. ९० सेंटीमीटर व्यास आणि २ मीटर उंचीचा डबा कागदाने घट्ट भरला तर आतला कागदच जवळजवळ एक टन होतो. साधं बॉल बेअरिंग आडवा भार घेण्यासाठी असतं, या उभ्या भाराखाली त्याचे छर्रे चिरडतात. तळाला उभा भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग किंवा ट्रकच्या चाकातलं टेपर रोलर बेअरिंग लागतं, वर नुसता बुश पुरतो. दुसरं म्हणजे एकसंध गुंडाळी स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षं खाली बसत जाते आणि तळाचा पत्रा फुगवते. म्हणून आत साधारण दर अर्ध्या मीटरला लाकडी चकती घालून मजले करायचे आणि प्रत्येक मजल्यात वेगळी गुंडाळी ठेवायची.

पाण्यावरचं चक्र, चू-खोर, हिमालयातल्या घराटासारखं, म्हणजे पाणचक्कीसारखं, चालतं: उभा दांडा, खाली पाती, लाकडी पन्हाळीतून पाण्याचा झोत. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं तर झोत पात्यांच्या डाव्या अर्ध्या भागावर बसला पाहिजे, उजव्या भागावर बसला की चक्र उलटं फिरतं. पन्हाळीच्या तोंडाशी जाळी नसली तर पाचोळा पात्यांत अडकतो. लडाखमध्ये हिवाळ्यात ते गोठतंच, त्यामुळे पहिल्या बर्फाआधी पन्हाळ बाजूला काढून ठेवतात, नाहीतर बर्फ पाती मोडतो. दिव्याच्या उष्णतेवर फिरणारं मे-खोर याहून सोपं: वर पत्र्याची तिरकी पाती, खाली अणकुचीदार टोक. उलट फिरलं तर पाती दुसऱ्या बाजूला वाकवा.

घरात विजेवर फिरणारं चक्र करणारे बरेच जण मायक्रोवेव्हच्या तबकडीखाली असते तसली स्वस्त सिंक्रोनस मोटर आणतात. तिची अडचण अशी की ती सुरू होताना कोणत्याही दिशेने सुरू होते. आज सरळ, उद्या वीज जाऊन आली की उलट. एका दिशेचीच मोटर मागून घ्या, आणि तिच्यावर लिहिलेली दिशा दांड्याच्या बाजूने पाहिलेली असते हे ध्यानात ठेवा. मोटर खाली ठेवून दांडा वर असेल तर ती बरोबर, छताला टांगून दांडा खाली असेल तर उलटी.

जुनं चक्र उघडण्याआधी लामाकडून अर्गाचा विधी करून घेतात; प्रतिष्ठा केलेली वस्तू दुरुस्तीसाठी उघडायची म्हणून. आतला कागद शाबूत असेल तर तो उलगडून वाळवून पुन्हा घट्ट गुंडाळता येतो, आणि तसं केलं की जागा उरते, तिथे नवीन पट्ट्या जोडता येतात. बुरशी लागलेला किंवा तेलाने चिकटलेला कागद मात्र ओढून सोडवू नये. तो आणि कापताना साठवलेले कपटे मंत्र म्हणत स्वच्छ जागी जाळतात, किंवा नवा स्तूप बांधला जात असेल तिथे भरणीला देतात.